भाव विचारून वाचणारा देश

लागोसमधल्या ओजुएलेग्बाच्या उड्डाणपुलाजवळ सकाळी सातच्या सुमाराला पेपरवाला आपली फळी मांडतो. 'पंच', 'व्हॅनगार्ड', 'द गार्डियन', 'धिस डे', 'ट्रिब्यून' अशी दैनिकं मथळे दिसतील अशा बेताने एकावर एक सरकवलेली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड. साडेसातपर्यंत फळीभोवती चांगला घोळका जमतो. बँकेत निघालेला टायवाला, हातात पान्हा असलेला मेकॅनिक, शाळेच्या वाटेवरचे दोन मास्तर. पाठीमागे हात बांधून, कमरेत वाकून सगळे पहिली पानं वाचतात आणि मग हमरीतुमरीवर येतात. पेट्रोल, निवडणूक, आर्सेनल, कुठल्या राज्यपालाने किती खाल्लं. मी उभी होते तेवढ्या वेळात विकले गेलेले अंक एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

या मंडळींना देशभर 'फ्री रीडर्स असोसिएशन' म्हणतात. ना नोंदणी, ना वर्गणी, ना अध्यक्ष. पण शिस्त आहे. पहिलं पान फुकट, मात्र हात लावायचा नाही. आतलं उघडायचं असेल तर थोडे नायरा टेकवायचे, उभ्याउभ्या वाचायचं आणि घडी होती तशी करून ठेवायचं. "परवडतं का तुम्हाला हे?" मी पेपरवाल्याला विचारलं. "मादाम, हे उठून गेले तर विकत घेणाराही इथे थांबायचा नाही," तो म्हणाला. पुढचं बोलणं ऐकायला त्याला वेळ नव्हता. दोन मास्तरांतला एक आतलं पान चोरून वाचत होता.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'वाचक गेला कुठे?' हा विषय दिला, तेव्हा मी नायजेरिया मागून घेतला. माझी मामेबहीण लागोसच्या इलुपेजू भागात राहते, हे एक कारण. दुसरं असं की चिनुआ अचेबे, वोले सोयिंका, चिमामांडा न्गोझी अडीची ही नावं आपल्याला पाठ झाली आहेत, त्यांच्यावर लेखही पुष्कळ झाले आहेत. मात्र वीस कोटींहून जास्त वस्तीच्या आणि पाचशेच्या वर भाषांच्या त्या देशात फळीभोवतीचा माणूस काय वाचतो, आणि ते त्याला काय भावाने पडतं, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

सुट्टे पैसे आणि सुविचार

लागोसची डानफो ही पिवळी, काळ्या पट्ट्यांची, बहुधा माझ्याच वयाची व्हॅन असते. दाराला लोंबकळणारा कंडक्टर थांब्यांची नावं एका दमात ओरडतो आणि चढणाऱ्याला आधीच बजावतो की सुट्टे असतील तरच चढा. सुट्टे नसले तर तो जी युक्ती करतो ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. उतरताना त्याने माझ्या आणि एका अनोळखी शिंप्याच्या हातात मिळून एकच मोठी नोट कोंबली आणि गाडी निघूनही गेली. आता आमचं आम्ही वाटून घ्यायचं. आम्ही दोघं फुटपाथवर सुट्टे देणारा शोधत फिरलो. अखेर शेंगदाणेवालीने नोट मोडून दिली, आणि तेवढ्या वेळात त्याच्या तीन मुलांची नावं, त्यांच्या शाळेची फी आणि मोठीला नर्सिंगला पाठवायचा बेत एवढं सगळं मला कळलं होतं.

डानफोच्या मागच्या काचेवर काहीतरी लिहिलेलं असतंच. आपल्या ट्रकमागे 'आई-वडिलांची पुण्याई' असते, तसं तिथे देवाचे आभार, शत्रूंना इशारा किंवा जगाला चार समजुतीचे शब्द. आत एखादा फिरता उपदेशक चालत्या गाडीत बायबल उघडून उभा राहतो. तो उतरला की काढ्याच्या बाटल्या विकणारा चढतो. गाडी तुंबली, म्हणजे तिथल्या भाषेत गो-स्लो लागला, की खिडकीशी बाजार येतो: चार्जर, गाला नावाचे सॉसेज रोल, उंदराचं औषध आणि पुस्तकं. 'मन कसं जिंकावं', 'श्रीमंत कसं व्हावं' यांच्या चळतीत अडीचीची 'अमेरिकाना'ही होती. विकणाऱ्या पोऱ्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर सौदा पटला. पुस्तक हातात आल्यावर पाहिलं, तर अक्षरं पुसट, पानं वाकडी कापलेली, मुखपृष्ठाचा रंग उडालेला. उघडउघड चोरटी प्रत. मी ती परत दिली. माझ्या शेजारच्या बाईने ती त्याहून कमी भावात घेतली आणि लगेच वाचायला बसली.

एका डानफोच्या काचेवर 'नो कंडिशन इज परमनंट' असं होतं. हे वाक्य साठ वर्षांपूर्वी एका चोपडीचं नाव होतं, ओनित्शाच्या बाजारातल्या. नायजर नदीकाठचं ओनित्शा हे पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या छोट्या छापखान्यांनी स्वस्त चोपड्या काढायला सुरुवात केली. लिहिणारे कोण, तर शाळामास्तर, कारकून, वार्ताहर, क्वचित शाळेतली पोरं. प्रेमपत्र कसं लिहावं, पैसा कसा राखावा, शहरातल्या बायकांपासून कसं जपावं, असा ऐवज. ओगाली ओगालीचं 'व्हेरॉनिका माय डॉटर' हे १९५६ चं नाटक हजारोंनी खपलं. त्यात इंग्रजी शिकलेली मुलगी बापाने ठरवलेलं लग्न मोडते. ओकेन्वा ओलिसा 'मास्टर ऑफ लाइफ' या टोपणनावाने लिहायचा. बसच्या काचेवरचं ते नाव त्याच्याच चोपडीचं, आणि पैसा मिळवायला कठीण पण उडवायला सोपा हे सांगणारी चोपडीही त्याचीच. सिप्रियन एक्वेन्सी पहिल्यांदा अशाच चोपड्यांतून लिहिता झाला आणि १९५४ मध्ये त्याची 'पीपल ऑफ द सिटी' लंडनहून निघाली. चार वर्षांनी अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' आली. अचेबेंचं गाव ओगिदी, ओनित्शाच्या अगदी शेजारचं.

या बाजारसाहित्याचा पहिला मोठा अभ्यास इमॅन्युएल ओबिएचिना यांनी केला. हा प्रकार कुठून उगवला हे सांगताना ते भारताचं नाव घेतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर ब्रिटिशांसाठी लढायला आलेले नायजेरियन शिपाई भारतातून स्वस्त चोपड्या बरोबर घेऊन घरी परतले आणि त्या पाहून तिथल्यांना कल्पना सुचली. म्हणजे आपल्याकडे ज्या चोपड्यांना कोणी साहित्य म्हणत नव्हतं, त्यांनी तिकडे एका साहित्याला हात दिला. १९६७ ते १९७० च्या बियाफ्राच्या यादवी युद्धात ओनित्शाचा बाजार उद्ध्वस्त झाला आणि चोपड्यांची परंपराही तिथेच खुंटली. त्यांचा एक मोठा संग्रह आता अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

शोमोलूचे छापखाने

शोमोलूच्या गल्ल्यांत डानफो शिरत नाही, केके करावी लागते. केके म्हणजे बजाजची रिक्षाच. लागोसमध्ये ती पिवळी असते आणि तिच्याही पाठीवर सुविचार असतो. शोमोलू हे लागोसचं छापखान्यांचं कोठार. एका खोलीत जुनं जर्मन ऑफसेट यंत्र, शेजारच्या खोलीत फक्त कटिंग, त्यापुढच्यात फक्त लॅमिनेशन, दारात बसून फॉर्म जुळवणाऱ्या बाया. डोक्यावर कागदाची थप्पी घेतलेली पोरं एका खोलीतून दुसरीकडे धावत असतात. प्रत्येक दारासमोर जनरेटर, त्यामुळे बोलणं ओरडूनच. मी असताना मध्येच वीज आली. साऱ्या गल्लीतून एकदम आरोळी उठली: "अप नेपा!" नेपा हे वीज मंडळ २००५ मध्येच मोडीत निघालं, २०१३ मध्ये वीजवाटप खासगी कंपन्यांकडे गेलं, पण दिवा लागला की जयजयकार त्या मेलेल्या मंडळाचाच होतो. जनरेटर पटापट बंद झाले. वीस मिनिटांत पुन्हा सुरू.

मला वाटलं होतं, इथे कथा-कादंबऱ्या छापल्या जात असतील. मुद्रकाने दाखवलं ते वेगळंच. चर्चची कॅलेंडरं, लग्नाची निमंत्रणं आणि सगळ्यांत जास्त म्हणजे अंत्यविधीच्या पुस्तिका. त्यातली एक मी निवांत चाळली. गुळगुळीत कागदावर छापलेली, मुखपृष्ठावर निळ्या झग्यातल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंचा हसरा फोटो. आत प्रार्थनेचा क्रम, मग चरित्र: जन्म कुठल्या खेड्यात, शिक्षण चौथीपर्यंत, पामतेलाचा धंदा, दोन दुकानं, सात मुलं, युद्धात गमावलेला भाऊ. पुढे मुलांचे, जावयांचे, नातवंडांचे, चर्चच्या महिला मंडळाचे आणि बाजारातल्या तेलवाल्या बायकांच्या संघटनेचे लेख. धाकट्या जावयाने सासूने आपल्याला किती छळलं तेही गोड शब्दांत लिहून टाकलं होतं. नायजेरियातलं सर्वाधिक लिहिलं जाणारं आणि जपून ठेवलं जाणारं गद्य कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी याच पुस्तिकांकडे बोट दाखवीन. आयुष्यात स्वतः एक ओळ न लिहिलेल्या बाईचं चरित्र छापून निघतं आणि दोन-तीनशे घरांत कपाटात राहतं. आपल्याकडच्या चरित्रलेखनाला हे अजून जमलेलं नाही.

पुस्तकं का नाहीत, याचं उत्तर मुद्रकाने कागदाच्या भावात दिलं. सरकारने उभारलेल्या जेब्बा, इवोपिन आणि ओकू इबोकू या तिन्ही कागद गिरण्या डबघाईला आल्या. कागद बाहेरून येतो, म्हणजे डॉलरमध्ये. २०२३ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण ४६० नायरा पडत, २०२४ अखेर दीड हजाराच्या घरात. त्याच काळात पेट्रोलवरचं अनुदान गेलं आणि लिटरमागे दोनशेच्या आत असलेला दर हजाराला भिडला. जनरेटर पेट्रोलवर चालतो, हे इथे वेगळं सांगायला नको. मुद्रकांची खरी तक्रार मात्र जकातीची: छापून आलेलं पुस्तक देशात करमुक्त येतं, कागदावर आणि शाईवर मात्र कर. त्यामुळे प्रकाशक भारतात नाहीतर चीनमध्ये छापून घेतात. "तुमचा देश आमचं काम खातो," असं म्हणून मुद्रकाने मला थंड मिरिंडा पाजलं.

पुस्तकाला पैसाच मिळत नाही असंही नाही. नायजेरियात पुस्तक प्रकाशन हा मोठा सोहळा असतो. मंचावर 'चीफ लाँचर' बसतो. पहिली प्रत तो छापील किमतीच्या कित्येक पटींनी, भर सभेत आकडा जाहीर करून घेतो. मग इतरांचे आकडे. पुस्तक किती जणांनी वाचलं, हे त्या सभेत कोणी विचारत नाही. माजी लष्करशहा इब्राहिम बाबंगिडा यांचं आत्मचरित्र २० फेब्रुवारी २०२५ रोजी अबुजात प्रकाशित झालं. १९९३ ची आपण रद्द केलेली निवडणूक मोशूद अबिओला यांनी जिंकली होती, हे त्यात त्यांनी बत्तीस वर्षांनी मान्य केलं. त्या एका कार्यक्रमात त्यांच्या नावच्या ग्रंथालयासाठी १७ अब्ज नायरांहून अधिक रकमा जाहीर झाल्या. एवढ्या पैशात शोमोलूच्या गल्लीला किती वर्षं कागद पुरला असता, याचा हिशेब मुद्रकाने माझ्यासमोर मांडायला घेतला आणि मग हात झटकून सोडून दिला.

सोयिंका नावाचं स्टेशन

लागोसहून इबादानला जाणारी नवी रेल्वे २०२१ मध्ये सुरू झाली. वाटेत अबेओकुताला जे स्टेशन लागतं त्याचं नाव 'प्रोफेसर वोले सोयिंका स्टेशन'. हयात लेखकाचं नाव स्टेशनला आहे म्हणून मी पाटीचा फोटो काढत होते, तर तिकीट तपासनीसाला गंमत वाटली. "वाचलंय का त्यांचं काही?" मी विचारलं. "शाळेत 'द लायन अँड द ज्युवेल' होतं, ते मजेचं आहे. बाकी त्यांचं इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचावं लागतं," तो म्हणाला. ही तक्रार मी लागोस ते कानो सगळीकडे ऐकली. १९८६ मध्ये आफ्रिकेला साहित्याचं पहिलं नोबेल मिळवून देणारा हा लेखक लोकांना माहीत आहे तो वाचून नव्हे. बियाफ्रा युद्धाच्या वेळी मध्यस्थी करायला गेला म्हणून बावीस महिने तुरुंगात काढलेला माणूस, प्रत्येक हुकूमशहाशी भांडलेला माणूस म्हणून. आणि रस्त्यामुळे.

रस्त्यांवरचे अपघात हा सोयिंकांचा जुना ध्यास. १९६५ च्या त्यांच्या 'द रोड' नाटकात ड्रायव्हर, क्लीनर आणि खोटी लायसन्स बनवून देणारा एक प्रोफेसर आहे. अपघातात मोडलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकायचं दुकान तिथेच आहे. या भागातल्या योरुबा लोकांमध्ये लोखंडाचा आणि रस्त्याचा देव एकच, ओगुन. गाडी चालवणारा त्याला मानतो. नाटक लिहून सोयिंका थांबले नाहीत. विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी राज्य पातळीवर रस्ता सुरक्षा दल उभारलं आणि १९८८ मध्ये देशव्यापी दल निघालं तेव्हा नोबेल मिळालेला हा नाटककार त्याचा पहिला अध्यक्ष झाला. ते दल आजही गाड्या अडवतं. ड्रायव्हर लोक त्याला ज्या शिव्या देतात त्या सोयिंकांच्याच नाटकात शोभाव्यात.

अबेओकुतात छापील अक्षराला सुरुवातीपासून किंमत होती. १८५९ मध्ये हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने इथून 'इवे इरोहिन' हे योरुबा पत्र काढलं. अंकाची किंमत १२० कवड्या. अमोस टुटुओला इथलाच. कामगार खात्यात तो निरोप्या होता. फावल्या वेळात, शाळेत अर्धवट शिकलेल्या आपल्याच इंग्रजीत त्याने 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' लिहिली. लंडनच्या फेबरने १९५२ मध्ये ती छापली, तिकडे कौतुक झालं, आणि इकडे शिकलेले नायजेरियन संतापले: आपण असं अडाणी इंग्रजी बोलतो असं जगाला वाटेल! आज लागोसच्या रस्त्यावर, रेडिओवर, बीबीसीच्या २०१७ पासूनच्या स्वतंत्र सेवेत पिजिन, म्हणजे तिथली मिश्र इंग्रजी बोली, खणखणीत चालते. शिकलेल्यांची नाराजी मात्र अजून पुरती गेलेली नाही. मामेबहिणीच्या शेजारणीने मुलांना घरात पिजिन बोलायला बंदी केली आहे. नवऱ्याशी ती स्वतः भांडते मात्र पिजिनमध्येच.

सक्तीचे वाचक

एका कादंबरीला नायजेरियात दरवर्षी लाखो वाचक हमखास मिळतात. विद्यापीठ प्रवेशाची जी राष्ट्रीय परीक्षा असते, तिच्या इंग्रजीच्या पेपरला एक कादंबरी नेमलेली असते आणि शास्त्र शाखेच्या मुलांनाही ती सुटत नाही. २०२५ ला कबीर अलाबी गार्बा यांची 'द लेकी हेडमास्टर' होती. नायक देश सोडून विलायतेला जावं की नाही या पेचात सापडलेला शाळेचा मुख्याध्यापक. घराघरांत हीच चर्चा असल्याने विषय अचूक निवडला असं म्हणायला हवं. पण मला भेटलेल्या मुलांनी ती वाचली होती प्रश्नोत्तरांच्या गाइडमधून.

कानोचं अंगण

देशाच्या उत्तरेतल्या कानो शहराला जाणारं विमान लागोसच्या मुर्ताला मुहम्मद विमानतळावरून सुटतं. १९७६ मध्ये हत्या झालेले हे लष्करी राष्ट्रप्रमुख, वीस नायराच्या नोटेवरही तेच. त्यांची धाकटी बहीण बालाराबा रामात याकुबू. घर प्रतिष्ठित, पण तिचं लग्न कोवळ्या वयात लावून दिलं. ते टिकलं नाही. पुढे ती प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकली आणि हौसा भाषेत कादंबऱ्या लिहू लागली. १९९० मध्ये आलेल्या 'अल्हाकी कुयकुयो ने'ने तिचं नाव घरोघरी नेलं. व्यापारी नवरा बदफैली बाईशी लग्न करून नऊ मुलांच्या आईला, राबीला, घराबाहेर काढतो. ती रांधून, विकून मुलं वाढवते. आणि नवऱ्याचं दिवाळं वाजल्यावर सारा गोतावळा तिला परत त्याच्याच घरी जायला भाग पाडतो. हा शेवट वाचून बायका चिडतात, असं मला अनेकींनी सांगितलं. चिडाव्यात म्हणूनच तो तसा लिहिलेला असावा.

कानोच्या साबोन गारी बाजारात अशा हौसा कादंबऱ्यांची दुकानं आहेत. या कादंबऱ्यांना 'लिट्टाट्टाफान सोयाय्या' म्हणतात, म्हणजे प्रेमाची पुस्तकं. पुस्तक जेमतेम शंभर पानांचं, न्यूजप्रिंटवर, दोन पिनांत बांधलेलं; गोष्ट रंगली की दुसरा भाग, तिसरा भाग. मुखपृष्ठावर संगणकाने जोडलेले चेहरे, त्यात आपल्या सिनेमातल्या नट्याही सर्रास. लेखिकेचा मोबाइल नंबर छापलेला, आणि वाचक खरंच फोन करतात. बहुतेक लेखिका आधी वहीत लिहितात, स्वतःच्या पैशाने छापतात, दुकानदाराकडे ठेवतात आणि विकली गेली की पैसे घेतात. सरकारचं या पुस्तकांवर प्रेम नाही. २००७ मध्ये कानोच्या राज्यपालांच्या उपस्थितीत (तिथला राज्यपाल निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) मुलींच्या शाळेत अशा पुस्तकांची होळी झाली. मुलींना बिघडवतात, असा आरोप. यातल्या बऱ्याच कथांत सवतींचा जाच, बळजबरीची लग्नं आणि शिकायची आस असते, हे जाळणाऱ्यांनी वाचलं असतं तर कदाचित आणखी जोरात जाळली असती.

विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने मला जुन्या शहरातल्या तिच्या आत्याच्या घरी नेलं. बाई असल्यामुळे मला थेट आतल्या अंगणात जाता आलं. तिथे परपुरुषाला मज्जाव असतो. झोबो, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं आलं घातलेलं सरबत पुढे आलं. आत्या, तिच्या दोन सुना आणि शेजारच्या तिघी भुईमूग सोलत बसल्या होत्या आणि पंधरा-सोळा वर्षांची नात मोबाइलवरून मोठ्याने कादंबरी वाचत होती. आता बऱ्याच लेखिका पुस्तक छापतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात एकेक प्रकरण सोडतात. सुरुवातीची प्रकरणं फुकट, पुढची पैसे भरल्यावर. त्या दिवशी सवत नायिकेच्या खोलीचं दार लावून घेते तिथे नात थांबली. पुढच्या प्रकरणाला पैसे पडणार होते. आत्याने मान वर न करता विचारलं, "किती?" नातीने आकडा सांगितला. दोन्ही सुना म्हणाल्या, महाग आहे. आत्या म्हणाली, "परवाच्या भागापेक्षा वाढवले का तिने? विचार तिला." नातीने तिथेच लेखिकेला व्हॉइस मेसेज पाठवला. घासाघीस झाली, सहाही जणींनी वर्गणी काढली, आणि वाचन पुढे सुरू झालं.

मी भारतातली म्हटल्यावर आत्याने 'मदर इंडिया'चा विषय काढला. कानोत ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली आहे. लेबनीज व्यापाऱ्यांनी आणलेल्या हिंदी चित्रपटांनी इथली मनं घडवली आहेत. त्यांच्या चालींवर प्रेषितांची स्तुतिगीतंसुद्धा गायली जातात. पण आपला धागा त्याहून जुना आहे. अबुबकर इमाम यांचं 'मागाना जारी चे' हे हौसातलं सर्वांत लाडकं कथापुस्तक १९३० च्या दशकातलं. त्यात एक पोपट राजपुत्राला युद्धावर जाण्यापासून रोखायला रोज एक गोष्ट सांगतो. शुकबहात्तरी वाचलेल्याला हा पोपट ओळखू येतो. संस्कृतातून फारसीत, तिथून पुढे वाळवंटापलीकडे, असा त्याचा प्रवास. त्याच सुमारास, हौसा कादंबऱ्यांसाठी झारियाला भरवलेल्या स्पर्धेतून अबुबकर टाफावा बालेवा नावाच्या तरुण शिक्षकाची 'शैहू उमर' निघाली. पुढे तो देशाचा पहिला पंतप्रधान झाला आणि १९६६ च्या लष्करी उठावात मारला गेला.

बालाराबा याकुबूंच्या त्या कादंबरीचा अलियू कमाल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, 'सिन इज अ पपी दॅट फॉलोज यू होम', २०१२ मध्ये निघाला तो लंडन-न्यूयॉर्कहून नव्हे. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने तो काढला. तो मिळवून वाचा. आणि मराठी प्रकाशकांपैकी कोणी ती मराठीत आणायचं मनावर घेतलं, तर एक विनंती: जाड कागद, कडक बांधणी आणि चार मान्यवरांच्या प्रस्तावना नकोत. न्यूजप्रिंटवर, दोन पिनांत काढा, आणि किंमत एस.टी. स्टँडवरच्या बाईला परवडेल एवढीच ठेवा.